उखळात अडकलेली प्रेरणा

“पयली मी घालणार न्हाई. मरंन पण पयली घालणार न्हाई. आन् हिच्या मागनं दुसरी तर सात जल्मात न्हाई.”

शकुंतला ओरडत होती आणि मी नव्या डंखाच्या पोटाखाली उताणा पडून पट्ट्याचा ताण बघत होतो. डोक्यावरचे पत्रे असे थरथरले, की मला वाटलं कुणीतरी मोटर सुरू केली. मी बोटं वाचवायला हात आखडून घेतला. मोटर बंदच होती. नुसती शकुंतलाच चालू होती.

मी दस्तगीर मिस्त्री, मुक्काम रहिमतपूर. साताऱ्याच्या पाटणपासून सांगलीच्या तासगावापर्यंत गावोगावी बायकांच्या बचत गटांना यंत्रं बसवून देणं हा माझा जन्मभराचा धंदा. आता गुडघे गेले आणि एक कान डंखानं खाल्ला, म्हणून घरी बसलोय. दिवाळी अंकवाल्यांनी विचारलं, मिस्त्री, ग्रामीण महिलांना शाश्वत उद्योग उभारायची प्रेरणा कुठून मिळते, यावर अनुभव लिहा. मी म्हटलं, लिहितो, पण छापायची छाती ठेवा.

तर त्या दिवशी उद्घाटन होतं. गाव रहिमतपूरपासून हाकेच्या अंतरावर. नाव सांगत नाही, कारण त्या गावातल्या बायकांना माझं घर माहीत आहे. मांडव घातलेला, नारळ फुटलेला, मागं मोठा फलक, त्यावर ‘शाश्वत ग्रामीण उद्योजिका’ आणि एका हसऱ्या बाईचं चित्र. बाई कुठल्या मुलखातली होती कोण जाणे. आमच्याकडची बाई एवढे दात फक्त भांडताना दाखवते.

शाश्वत म्हणजे काय, ते मला आजवर कुणी धड सांगितलेलं नाही. मी बघितलंय ते एवढंच, की फलकाखाली बसवलेलं यंत्र दिवाळीपर्यंत टिकतं. फलक मात्र खरंच शाश्वत असतो. तो पुढं कुणाच्या तरी गोठ्याला आडोसा होतो आणि तीच हसरी बाई वर्षानुवर्षं म्हशींकडं बघत उभी राहते.

डंख म्हणजे काय, ते शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडं चटणी म्हणजे वर्षाची कांदा-लसूण चटणी, बरणीत दाबून भरायची, आमटीपासून कोरड्यासापर्यंत सगळ्याला तीच. उन्हाळ्यात बाई मिरच्या वाळवते, देठ काढते, धणे, तीळ, खोबरं तेलात परतून घेते आणि सगळं डंखावर नेते. तिथं लोखंडी उखळात लोखंडी मुसळ मोटरच्या जोरावर वरखाली आपटतं. ठसका असा उठतो, की एकदा मी कोरेगावात डंख चालू केला आणि शेजारच्या मांडवातला नवरदेव मंगलाष्टकं होईपर्यंत शिंकत राहिला. वधूपक्षाला वाटलं, याला काहीतरी जुना आजार आहे. लग्न मोडता मोडता राहिलं.

आता मुद्दा असा, की कुटलेली चटणी काढली तरी थोडी उखळाच्या कडांना, मुसळाच्या टोकाला चिकटून राहते. पुढच्या बाईच्या मिरचीत ती मिसळते. आणि आमच्या मुलखात बाई एक वेळ सवत सोशील, पण आपल्या चटणीत दुसरीची चटणी सोसणार नाही. म्हणून डंखावर कोण कुणाच्या मागं, याला लग्नाच्या सोयरिकीइतकं महत्त्व. पहिली कुणालाच व्हायचं नसतं, कारण नवं उखळ पहिलीची चटणी फटीफटींतून खातं आणि वर लोखंडाचा वास देतं. मी बसवताना खडेमीठ आणि भुसा कुटून उखळ साफ करतो. पण बायकांना ते पटवणं म्हणजे म्हशीला पोहायला शिकवणं. ती आधीच पोहत असते आणि आपल्याकडं बघून हसते.

त्या डंखाची पुढारीण मालन. शकुंतलेची धाकटी जाऊ. दोघींच्या चुली वेगळ्या, अंगण एक, बोलणं बंद. मालनचा नवरा संपत फौजेत. सगळ्या गटानं हाच डंख हवा म्हणून यंत्रं देणाऱ्या प्रकल्पाच्या कचेरीच्या दारात धरणं धरलं होतं, आणि गटाला हलवणारी मालनच. आता चटणीचा हंगाम तोंडावर आला होता. वर्षातले हेच काय ते कमाईचे दिवस. या दिवसांत बायका नव्या डंखावर आल्या नाहीत, तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यावर कोंबड्या बसणार आणि मालन जन्मभर गावाच्या चेष्टेचा विषय होणार, हे तिलाही ठाऊक आणि मलाही.

कारण कोंबड्या बसलेली यंत्रं मी कमी पाहिलेली नाहीत. पाटणच्या वरच्या अंगाला एका गटाला अगरबत्तीचं यंत्र दिलं. जिथं पावसाळ्यात माणसाच्या मिशांनाही बुरशी येते, तिथं ओल्या काड्या वाळणार कशावर? काड्यांना अशी दाढी फुटली, की गावच्या न्हाव्यानं चौकशी केली म्हणे. पण ज्या साहेबानं यंत्र मंजूर केलं त्याला पाटणला पाऊस पडतो हे कुणी कळवलं नव्हतं. तो उन्हाळ्यात येऊन गेला होता.

तासगावच्या बाजूला एका गटाला उन्हावर चालणारी काचेची वाळवणपेटी दिली, भाज्या वाळवायला. बायकांनी दोन-चार दिवस भेंड्या वाळवल्या, खाऊन बघितल्या, आणि एकमेकींच्या तोंडाकडं बघितलं. पुढं आठवडाभर झड लागली, ऊन नुसतं डोकावून जायचं, तेवढ्यात त्या पेटीत पोरांचे शाळेचे गणवेश वाळायला लागले. माझ्या मते त्या प्रकल्पातला तेवढाच धंदा शाश्वत. अहवालात त्याची नोंद भाजी म्हणून झाली.

असो. तर उद्घाटनाला शहरातून प्रकल्पाच्या मॅडम आल्या होत्या. बाई मनानं चांगल्या, पण हातात प्रश्नांचा गठ्ठा. आल्या आल्या खुर्ची टाकून त्यांनी एकेकीला विचारायला सुरुवात केली, ताई, तुम्हाला उद्योग सुरू करायची प्रेरणा कशी मिळाली?

हे उत्तर मला पाठ आहे. साऱ्या तालुक्यांत एकच. “आमाला आमच्या पायावर उभं ऱ्हायाचंय.” आता बघा, जी बाई पहाटे उठल्यापासून खाली टेकलेली नाही, धारा, भाकरी, उसाचं पाणी, जनावरं, सगळं उभ्यानं करते, ती म्हणते मला उभं राहायचंय. आणि लिहून घेणारी खुर्चीत बसलेली. मी पट्ट्याखाली पडल्या पडल्या हसलो तर डोळ्यात वंगण गेलं.

मालनची पाळी आली. ती म्हणाली, “सक्षमीकरण.”

मॅडमनी मान डोलवून लिहून घेतलं. मी मात्र पायाचं काँक्रीट ओतलं तेव्हापासून खरी गोष्ट जाणून होतो. मालनच्या म्हाताऱ्या सासूनं, यसूबाईनं, चहा देता देता मला सांगितली होती. या म्हातारीच्या पोटात तीळ भिजत नाही. भिजलाच, तर त्याची चटणी करून गावभर वाटते.

“आवं मिस्त्री,” म्हातारी म्हणाली, “त्ये सक्षम-बिक्षम काय न्हाई. ही सगळी संपतच्या जिभेची करणी.”

झालं होतं ते असं. गावात जुना डंख एकच, रंगूतात्याचा. मिशा गवतासारख्या आणि जीभ विळ्यासारखी. मागल्या साली मालनची मिरची शकुंतलेच्या मागं पडली. तात्यानं उखळ पुसायचा कंटाळा केला आणि शकुंतलेची बरीचशी चटणी मालनच्या डब्यात उतरली. मालननं घरी येऊन वास घेतला आणि ओळखलं. तिनं तात्याला जाऊन सुनावलं, तर तात्या मिशीला पीळ देत म्हणाला, “बरंच झालं की. तुज्या चटणीला जरा चव तरी आली.” ओळीतल्या साऱ्या बाया हसल्या. शकुंतला सगळ्यात मोठ्यानं.

आता वर्षभराची चटणी टाकून कुणी देत नाही. मालन दात खाऊन तीच खात राहिली. तेवढ्यात संपत सुट्टीवर आला. पहिल्याच घासाला थांबला, बोटं चाटली आणि म्हणाला, “मालन, औंदा जमली बघ चटणी. अगदी वहिनीच्या हातची.” एवढ्यावर तरी थांबावं ना. पण फौजेतला माणूस, एकदा पाऊल उचललं की हुकूम येईतोवर थांबत नाही. जाताना डबा भरून घेतला आणि पलटणीतून फोन केला, “सगळ्यांनी चाटून खाल्ली, आजून पाठव.”

“तवापास्नं,” म्हातारी म्हणाली, “माजी सून झोपल्याली न्हाई.”

लिहून घ्या, प्रेरणा ती ही. मी इतकी वर्षं यंत्रं बसवली, त्यातली जी चालली त्यांच्या मुळाशी खोदा, खाली कुणीतरी कुणाला तरी काहीतरी बोललेलं सापडेल. एकीनं शेवयांचं यंत्र घेतलं, कारण नणंदेनं भर लग्नात तिच्या शेवयांना चऱ्हाट म्हटलं होतं. आज तिच्या शेवया सांगलीच्या बाजारात जातात आणि नणंदेकडं दर सणाला एक पुडकं फुकट जातं, वर चिठ्ठी, ‘बांधायला उपयोगी पडतील’. अशा बाईचा धंदा बुडवायची कुणाच्या बापाची ताकद आहे? पण हे प्रश्नांच्या गठ्ठ्यात कुठं बसवणार? तिथं पर्याय असतात, कुटुंबाचा पाठिंबा, प्रशिक्षण, पर्यावरणाची जाणीव. खुन्नस हा पर्यायच नसतो.

तर आता परत उद्घाटनावर या. मालननं भांडण मिटवायला स्वतःचीच मिरची पहिली घातली. मी कळ दाबली. मुसळ धाडधाड आपटायला लागलं आणि ठसक्यानं मांडवाची दैना झाली. सरपंच भाषणाला उठले होते ते खोकतच खाली बसले. त्यांचं आजवरचं तेच सर्वांत चांगलं भाषण. चटणी उतरली. लालभडक, मऊसूत, लोखंडाच्या वासाचा लवलेश नाही. खोटं बोलत असेन तर दुसराही कान जावो.

“हं, आता दुसरी कोण?” मॅडम कौतुकानं म्हणाल्या.

कुणी हललं नाही. बायका आपापल्या डब्यांवर हात ठेवून अशा उभ्या, जशी काय डब्यात मिरची नाही, तान्ही पोरं आहेत. सगळ्यांच्या नजरा शकुंतलेवर. तिच्या हातची चटणी पंचक्रोशीत नावाजलेली, ती जाईल तिकडं बाकीच्या जाणार. आणि शकुंतलेनं पुन्हा तेच लावलं, “हिच्या मागनं माजी जाणार न्हाई.”

मी ब्रश घेतला, भुसा टाकून कुटला, उखळ असं घासलं की माझ्या टकलासारखं चमकायला लागलं.

“बघा वहिनी, कण तरी दिसतोय का?”

“तुमचा काय भरवसा मिस्त्री,” शकुंतला म्हणाली. “तुमी तिच्या घरचा चा प्यालाय.”

“चहा तुमच्या सासूनं दिलाय.”

“मग तर मुळीच न्हाई.”

मालन डंखाच्या खांबाला धरून उभी होती आणि तिच्या तोंडावरचं पाणी पळालेलं होतं. मॅडमनी मध्ये पडून सामूहिक जबाबदारी या विषयावर चार शब्द सांगितले. एका बाईनं जांभई दिली. दुसरीनं डबा उचलून डोक्यावर घेतला. एक निघाली की मेंढरं निघणार, हे मला दिसत होतं.

समोर पारावर रंगूतात्या बसला होता. सकाळपासून. उद्घाटनाला बोलावलं नव्हतं तरी नवी टोपी घालून आला होता. त्यानं हे बघितलं आणि त्याला वाटलं, आता घाव घालायची वेळ आली. उठून, मिशी कुरवाळत, साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं तो म्हणाला, “शकूबाई, कशापायी हितं उन्हात ताटकळता? चला आपल्या डंखावर. आज खास तुमच्यासाठी उखळ धुऊन ठिवलंय.”

शकुंतला सावकाश त्याच्याकडं वळली. “आज?”

“व्हय. सकाळीच. सोताच्या हातानं.”

“म्हंजी रोज धूत न्हाई.”

तात्याचं तोंड उघडं राहिलं. “रोज कशाला... म्हंजी धुतो की. तसं लागंल तसं...”

“गेल्या साली माज्या आधी कुणाची हुती?”

मागून एक बारीक आवाज आला, “माजी.”

ती सोनाराच्या गल्लीतली बाई. हिची मिरची बाजारातली, तयार कुटलेली, रंग लावलेली. ही फक्त मसाला मिसळायला डंखावर यायची, हे साऱ्या गावाला माहीत. शकुंतलेचा चेहरा बेडगी मिरचीसारखा झाला. जिच्या चटणीचं नाव पंचक्रोशीत, तिच्या बरणीत ही भेसळ. मग तर एकच कालवा उठला. तुज्या आधी कोण, माज्या आधी कोण, तिच्या मागं मी, माज्या मागं पाटलीण. अर्ध्या तासात गावातल्या चटण्यांची अशी वंशावळ निघाली, की भाटांनाही जमली नसती. कुणी कुणाचं किती वर्षं खाल्लं, कुणाच्या घरात कुणाची फोडणी घुसली. दोन जुन्या मैत्रिणींचं तिथंच तुटलं. आणि दोघी, ज्यांचं बांधावरून वैर होतं, त्यांना कळलं की आपण इतकी वर्षं एकच चटणी खातोय. त्या एकमेकींकडं जरा ओशाळून बघायला लागल्या.

तात्या कुठं गेला ते कुणी बघितलं नाही. टोपी तेवढी पारावर राहिली.

शकुंतलेनं डबा उचलला आणि थेट उखळापाशी आली. वर्ष-दीड वर्षानं ती धाकट्या जावेशी पहिल्यांदा बोलली. “आजून एकदा पूस.”

मालननं फडकं शोधलं नाही. स्वतःच्या लुगड्याच्या पदरानं उखळ आतून पुसलं, कोपऱ्या कोपऱ्यातून. पदर दाखवला. शकुंतलेनं तो हातात घेऊन, उलटा करून, वास घेऊन बघितला. मग डबा उपडा केला.

मॅडमनी तेवढ्यात फोटो काढला. तो पुढं एका माहितीपत्रकात आला, खाली ओळ होती, ‘एकजुटीतून प्रेरणेकडे’. फोटोत दोघींची तोंडं दोन दिशांना आहेत.

पण डंख चालला, हे खरं. हंगामभर असा चालला, की रात्री झोपेत गावाची छातीच धाडधाड करायची. उखळ प्रत्येकीनंतर पुसायचं, पुसलेलं फडकं पुढच्या बाईला दाखवायचं, हा मालननं घातलेला नियम. शेजारच्या गावांतूनही बायका यायला लागल्या. काही जणी मिरची न घेताच, नुसतं फडकं बघायला. मी बसवलेल्या सगळ्या यंत्रांत एवढ्या एकाच्या अंगावर मी कोंबडी बसलेली बघितली नाही, आणि उगाच विनय कशाला दाखवू, मला त्याचा अभिमान आहे.

पुढच्या साली हंगामाच्या तोंडावर पट्टा बदलायला गेलो तर मॅडम पुन्हा आलेल्या. या वेळी कॅमेरावाला घेऊन. यशोगाथा करायची होती. संपत सुट्टीवर आलेला, त्यालाही नवा शर्ट घालून पाटावर बसवला. पुढं ताट, ताटात भाकरी आणि मालनच्या चटणीचा गोळा, वर तेल. या खेपेची चटणी निव्वळ मालनची, दुसऱ्या कुणाचा कण नाही. शकुंतला दारात उभी, सासू चुलीपाशी, मी ओट्यावर.

“दादा,” मॅडम म्हणाल्या, “पत्नीनं उद्योग उभा केला. घरात काय बदल जाणवला?”

संपतनं घास घेतला. चावला. फौजेत खोटं बोलायला शिकवत नसावेत, किंवा याला शिकवायचं राहून गेलं असावं.

“तसं समदं ठीक हाय,” तो म्हणाला. “पर चटणी गेल्या बारीची बरी हुती.”

कॅमेरावाल्यानं कॅमेरा खाली घेतला. शकुंतलेनं पदर तोंडाला लावला आणि घाईनं बाहेर गेली. बाहेरून खोकल्यासारखा काहीतरी आवाज येत राहिला. मॅडमनी विचारलं, हे पुन्हा घेऊया का?

मालन उठली आणि डंखाकडं चालायला लागली. मीही पट्टा घेऊन मागोमाग गेलो. तिनं कळीवरची धूळ झटकली, उखळात डोकावली. मी जरा वेळानं धीर करून विचारलं, “मालनताई, मग आता?”

“आता काय. औंदा जाऊबाईंची म्होरं घालायची, त्यांच्या मागनं माजी. मधी उखळ पुसू नका म्हंजी झालं.”